शेवटच्या नळापर्यंत

मंगळवेढ्याची काळी रानं म्हणजे ज्वारीचं कोठार. मुरलेली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर मालदांडीचं कणीस भरतं. माणसांचं आणि जनावरांचं तसं भागत नाही. तालुक्याच्या उत्तरेला भीमा वाहते, पण दक्षिणेचा हा माळ उंचावर आहे. उन्हाळ्यात आडाचा तळ दिसतो. बोअरचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजत नाही.

म्हणून नदीचं पाणी उचलून आणावं लागतं. वर उजनी धरण, १९८० सालचं. साठा ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांतून आपोआप बाहेर न येणारं तळाचं पाणी. पाणी त्या मृतसाठ्यात उतरलं की ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे इथं पोरंसोरंही सांगतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी याच खोऱ्यात उतरतं. पाण्यावरचा हा हिरवा तवंग शेवाळाचा आहे.

आता हे जलशुद्धीकरण केंद्र बघा. जॅकवेलमधून, म्हणजे नदीचं पाणी घेणाऱ्या विहिरीतून, उपसलेलं पाणी आधी या पायऱ्यांवरून खाली सोडतात. त्यात हवा मिसळते, वास कमी होतो. मग तुरटी. गाळाचे बारीक कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी वाळूच्या थरांतून झिरपतं. वाळू चोंदली की खालून उलटं पाणी सोडून ती धुतात. टाकीत उकळी फुटल्यासारखं दिसतंय, ते हेच काम. हे चुकलं तर पुढं कितीही क्लोरीन घाला, उपयोग नाही. क्लोरीनची मात्रा सगळ्यात शेवटी. तिथून पंपानं माळावरच्या टाकीत, आणि पुढं उतारानं गावात.

पण गाव एका जागी नाही. घरं रानारानात. लाइन टाकताना गावठाण आधी, वस्ती शेवटी. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर वस्तीवरच्या नळातून नुसती हवा येते. पाणी बंद असताना फुटक्या जोडातून बाहेरची घाण पाइपात ओढली जाते, म्हणजे केंद्रात शुद्ध झालेलं पाणी वाटेत बिघडतं. म्हणूनच जलसुरक्षक, म्हणजे गावचं पाणी तपासणारे कर्मचारी, ही ओटी चाचणी करतात. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन हे औषध. नळीत पाणी, वर औषधाचे थेंब. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन इथवर पोचलं. शेवटच्या नळाला ते किमान ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम हवं.

घरी नळ आला की जुलाबाची साथ कमी होते, पोरी वेळेवर शाळेत जातात.

१५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर ठरले आहेत. धनगरवस्तीवरचा माणूसही त्यात मोजलेला आहे. तेव्हा ओटी चाचणी टाकीखालच्या नळावर उरकू नये, ती वस्तीवर व्हावी, रोज व्हावी. आणि नवी लाइन निघाली की आधी वस्तीकडं निघावी.