कोयनेच्या पाण्याचे दोन उतार

श्रोतेहो, कोयना धरणाविषयी बोलताना बहुतेक वक्ते वीजगृहापासून सुरुवात करतात. मी नदीच्या एका वळणापासून करणार आहे, कारण या प्रकल्पाची शक्यता आणि त्याविषयीचे वाद ही दोन्ही त्या वळणात दडलेली आहेत. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहत येते. हेळवाकजवळ ती एकाएकी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमात कृष्णेला मिळते. तिच्या पश्चिमेला अगदी जवळ सह्याद्रीचा कडा आहे आणि कड्याखाली कोकण आहे. म्हणजे नदीचे पाणी स्वतःच्या वाटेने गेले तर दख्खनचे पठार ओलांडून बंगालच्या उपसागराकडे जाते, आणि डोंगर पोखरून पश्चिमेला सोडले तर सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते. त्या वळणाच्या किंचित वरच्या अंगाला, पाटण तालुक्यात, १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरांहून थोडी अधिक लांब अशी रबल काँक्रीटची भिंत उभी राहिली. १९५४ साली काम सुरू झाले आणि १९६२ मध्ये कड्याखालच्या पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून पहिली वीज मिळाली. या धरणाला बहुउद्देशीय म्हणण्याची आपल्याला सवय आहे. त्या उद्देशांचे आपसांत किती जुळते, हे तपासावे असे मला वाटते.

थोडे गणित मांडतो. एक घनमीटर पाणी पावणेपाचशे मीटर पडले तर यंत्रांतील घट वजा जाता त्यातून एक युनिटहून थोडी अधिक वीज मिळते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजेच २ कोटी ८३ लाख घनमीटर. तेव्हा पश्चिमेला सोडलेल्या प्रत्येक टीएमसीमागे सुमारे तीन कोटी युनिट वीज येते. पुढे कोळकेवाडीच्या जलाशयात अडवून तेच पाणी प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात पुन्हा एकदा पाडले जाते, ती वीज वेगळी. पूर्वेकडे सोडलेले पाणी धरणाच्या पायथ्याशी असलेल्या छोट्या वीजगृहातून जाऊ शकते, पण तिथे उपलब्ध असलेला उतार पश्चिमेच्या मानाने फारच थोडा आहे. आता तोच एक टीएमसी शेतीच्या बाजूने पाहू. एक मीटर उंचीचे पाणी द्यायचे धरले, तर त्यात २,८०० हेक्टरांहून थोडे अधिक क्षेत्र भिजते. ऊस असेल तर त्याच्या निम्मेही नाही, आणि कालव्यात व शेतात मुरणारे पाणी मी अजून मोजलेले नाही. वीज आणि पीक यांची अशी थेट तुलना अपुरी आहे हे मला ठाऊक आहे, तरी पाणी कोणत्या दिशेला सोडायचे हे ठरवणारा माणूस रोज नेमके काय तोलत असतो, ते या दोन आकड्यांवरून कळते.

पश्चिमेला गेलेले पाणी वीज देऊन वाशिष्ठी नदीत जाते. त्याला आपल्याकडे अवजल म्हणतात. ते मुंबईकडे किंवा कोकणातल्या गावांकडे न्यावे, अशा योजना अनेकदा मांडल्या गेल्या आहेत. पण कृष्णेच्या खोऱ्याच्या दृष्टीने ते कायमचे गेलेले पाणी आहे, आणि म्हणूनच कृष्णा पाणीवाटपात त्याचा प्रश्न निघाला. कृष्णेचे पाणी राज्याराज्यांत वाटून देण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ च्या निवाड्यात व १९७६ च्या पुढील अहवालात कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली, आणि ती टप्प्याटप्प्याने वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत खाली आली. मूळचा सुमारे ९९ टीएमसीचा जलसाठा पुढे १०५.२५ टीएमसीपर्यंत वाढवला गेला, तरी वीजनिर्मितीचा वाटा या मर्यादेतच राहतो. उरलेले पाणी पूर्वेचे. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेतून पाणी उचलून खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या कोरड्या तालुक्यांकडे नेतात, आणि उन्हाळ्यात त्या पाण्याला कोयनेच्या विसर्गाचा मोठा आधार असतो. या तालुक्यांत आवर्तन, म्हणजे शेताला पाणी मिळण्याची पाळी, पंधरा दिवस पुढे गेले तर द्राक्षबागांचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पूर्वेच्या हक्काची बाजू समजावून सांगावी लागत नाही. मात्र हे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवायला वीज लागते, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

विजेच्या बाजूनेही काळ बदलला. प्रकल्प सुरू झाला तेव्हा राज्याला दिवसभर लागणारी वीज हवी होती. पुढे औष्णिक केंद्रे वाढली, आणि पाण्यावरची वीज काही मिनिटांत सुरू करता येते व बंदही करता येते, या गुणाला मोल आले. १,००० मेगावॉटचा चौथा टप्पा सायंकाळच्या सर्वाधिक मागणीच्या वेळेसाठी आहे. त्यामुळे वर्षाचे पाणी वाढले नाही. तेच पाणी थोड्या तासांत अधिक जोराने वापरण्याची सोय झाली. त्यासाठी भरलेल्या जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवण्याचे काम १३ मार्च १९९९ रोजी झाले. लेक टॅपिंग या नावाने ते सर्वांना परिचित आहे. २५ एप्रिल २०१२ रोजी दुसऱ्यांदा तसेच करून आणखी खालच्या पातळीवरचे पाणी घेण्याची व्यवस्था झाली. आपल्या अभियंत्यांनी जलाशय रिकामा न करता हे साधले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तिसरा उद्देश पूरनियंत्रणाचा, आणि तो पहिल्या दोघांच्या उलट दिशेने ओढतो. वीज आणि सिंचन यांना ऑक्टोबरमध्ये धरण काठोकाठ भरलेले हवे असते. पूर अडवायला जुलै-ऑगस्टमध्ये त्यात मोकळी जागा लागते. कोयनेचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर तीन टीएमसीहून अधिक पाणी पडते, आणि याच पाणलोटातल्या नवजा किंवा महाबळेश्वरला एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस होणे नवलाचे नाही. अशा वेळी सहा वक्राकार दरवाजे किती उचलायचे, हे जलाशयाची त्या तारखेची ठरलेली पातळी, येणारी आवक आणि खाली कृष्णेत आधीच असलेले पाणी पाहून ठरवावे लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली गेले तेव्हा सारा रोष धरणांवर आला. तो पूर्ण न्याय्य नव्हता, कारण धरण आणि सांगली यांच्यामध्ये जो प्रदेश आहे त्यावरच्या पावसाला कोणतेही दार नाही. पण तो निराधारही नव्हता. ऑगस्टच्या आरंभी धरणात किती जागा शिल्लक ठेवायची हा निर्णय माणसेच घेतात, आणि तिथे ठेवलेली रिकामी जागा म्हणजे पाऊस लवकर ओसरला तर न मिळालेली वीज आणि न मिळालेले आवर्तन. हा धोका कोणी, कोणाच्या वतीने पत्करला, हे नदीकाठच्या माणसाला त्याच आठवड्यात कळले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जलाशयाच्या भाराची आणखी एक बाजू कोयनेने जगाला दाखवली. पाणी साठू लागल्यावर या परिसरात लहान धक्के जाणवू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली आणि कोयनानगरची वस्ती उद्ध्वस्त झाली. भिंतीला, खालच्या अंगाचा उतार जिथे बदलतो त्या उंचीजवळ, आडव्या भेगा पडल्या. पण धरण उभे राहिले. पुढे भिंतीला मागून काँक्रीटचा आधार देण्यात आला. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण बरेच नंतर, २००६ मध्ये झाले. जलाशयामुळे घडणाऱ्या भूकंपांचे हे जगातले सर्वांत ठळक उदाहरण मानले जाते आणि आजही तिथे धक्के बसतात.

आता ज्यांची जमीन गेली त्यांच्याविषयी. धरणामागच्या शिवसागर जलाशयाखाली कोयनेच्या काठची भातखाचरे आणि वस्त्या गेल्या. त्या वेळी राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये आला. त्यामुळे कोयनेच्या माणसांना जे मिळाले ते हक्काने मिळाले असे म्हणता येत नाही. काही कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत पाठवली गेली, काही डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली. जी वर सरकली त्यांच्याभोवती १९८५ मध्ये अभयारण्य आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. जंगल राखणे आवश्यक होते, यात मला शंका नाही. पण एकाच माणसाला आधी पाण्यासाठी आणि मग वनासाठी सरकायला सांगताना पहिल्या वेळचे देणे फिटलेले असायला हवे होते. २०१८ मध्ये कोयनानगरला प्रकल्पग्रस्तांनी दीर्घ आंदोलन केले, तेव्हा पहिली वीज मिळून ५६ वर्षे झाली होती. त्यांच्या मागण्यांत पर्यायी जमीन होती, आणि ती कोणाकोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी आधी विस्थापितांची याद्यांसह नोंद पूर्ण करावी लागत होती.