दहा लाखावा प्राइम कुठे सापडतो?

2, 3, 5, 7, 11... शाळेत शिकलेल्या मूळ संख्या, म्हणजेच प्राइम नंबर. यांना ओळीने क्रमांक देत चला. दहावा येतो 29, शंभरावा 541, हजारावा 7919, आणि दहा लाखावा डायरेक्ट 1,54,85,863.

नुसते आकडे बघून काही कळत नाही, पण प्रत्येक प्राइमला त्याच्या क्रमांकाने भागून बघा. दहाव्याला येतात 2.9, शंभराव्याला 5.4, हजाराव्याला 7.9, दहा हजाराव्याला 10.5, लाखाव्याला 13, दहा लाखाव्याला 15.5. क्रमांक दरवेळी दहापट होतोय आणि भागाकारात भर पडतेय ती फक्त अडीचच्या आसपास! तिकडे गुणाकार, इकडे बेरीज, असं झालं की समजायचं, इथे लॉगॅरिदम आहे.

हे पहिल्यांदा ओळखणाऱ्यांपैकी एक होता जर्मनीतला गणितज्ञ गाउस, वय असेल पंधरा-सोळा. त्याने तेव्हा काहीच छापलं नाही. पुढे 1849 च्या डिसेंबरमध्ये, बहात्तर वर्षांचा असताना, एंके नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला पत्रात त्याने लिहिलं की ही सुरुवात 1792 किंवा 1793 ची, आणि नंतरही रिकामा पाव तास मिळाला की तो एखादा हजाराचा गट घ्यायचा आणि त्यात प्राइम किती ते मोजायचा. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही, वर्षानुवर्षं हेच, मला तर त्याच्या शोधाइतकीच ही चिकाटी भारी वाटते.

त्याला दिसलं ते असं. हजाराच्या आसपास साधारण सात संख्यांमागे एक प्राइम मिळतो, दीड कोटीच्या आसपास सोळा-सतरामागे एक, कारण जितकं पुढे जाल तितके भाग जाऊ शकणारे छोटे प्राइम वाढत जातात आणि त्यातून वाचणाऱ्या संख्या विरळ होतात. हा सात, हा सोळा म्हणजे त्या त्या संख्येचा नॅचरल लॉग, म्हणजे 2.718... या ठरावीक संख्येचा कितवा घात केला की ती संख्या येते तो आकडा. म्हणून एखाद्या क्रमांकाचा प्राइम हवा असेल तर क्रमांकाला त्याच्याच नॅचरल लॉगने गुणायचं, अंदाज तयार.

सिद्ध व्हायला मात्र 1896 उजाडलं. फ्रान्सचा आदामार आणि बेल्जियमचा द ला व्हाले पूसँ, दोघांनी त्याच वर्षी वेगवेगळं सिद्ध केलं की पुढे पुढे जाताना अंदाज आणि खरा प्राइम यांच्यातला फरक टक्केवारीत शून्याकडे जातो.

पण जातो फार हळू. दहा लाखाव्या प्राइमसाठी हा अंदाज येतो सुमारे 1 कोटी 38 लाख, म्हणजे खऱ्यापेक्षा 16 लाखांहून अधिकने कमी. आणि तो कमीच येणार, कायम, 1938 च्या सुमारास रॉसर नावाच्या गणितज्ञाने दाखवून दिलं की कुठल्याही क्रमांकाला खरा प्राइम या अंदाजाच्या वरच असतो. मग गुणायच्या आधी त्या लॉगमध्ये लॉगचा लॉग मिळवा आणि एक वजा करा, उत्तर येतं 1,54,41,302, आता फरक उरतो जेमतेम साडेचव्वेचाळीस हजारांचा.