भोरडी पाहुणी कोणाची?

मंडळी, आपल्या बडोद्यात संक्रांत तोंडावर आलीय. गच्च्या झाडून झाल्या, फिरक्या भरून आल्या. नेमक्या या दिवसांत मला तुमच्याशी भोरडीबद्दल बोलायचंय. साळुंकीच्या कुळातला हा पक्षी. अंग गुलाबी; डोकं, पंख, शेपटी काळी. आपले गुजराती शेजारी तिला वैया म्हणतात. दिवस मावळताना झाडांवर उतरण्याआधी आभाळात थवेच्या थवे वळताना दिसतात ना, ते तिचेच.

आपण तिला हिवाळी पाहुणी म्हणतो. मला हे पटत नाही. ती येते जुलैच्या अखेरीस, ऑगस्टात, भर पावसात, आणि जाते एप्रिलच्या मध्यास. तिकडे मध्य आशियाच्या गवताळ मुलखात जाते ती फक्त मे-जूनमध्ये पिलं वाढवायला. वर्षाचे आठेक महिने जिचा मुक्काम भारतात, ती पाहुणी कशी? बाळंतपणाला माहेरी गेलेल्या सुनेला कुणी सासरी पाहुणी म्हणतं का?

आणि त्या माहेरी तिचं कौतुक केवढं! चीनच्या शिनजियांगमध्ये टोळ आणि नाकतोडे कुरणं फस्त करतात. भोरडी पिलांना भरवते ते हेच किडे. तिची घरटी दगडांच्या सांदीकपारीत असतात. म्हणून तिथल्या लोकांनी 1980च्या दशकापासून तिच्यासाठी मुद्दाम दगड रचून घरट्यांच्या जागा केल्या, फवारणीवरचा भार तिच्यावर सोपवला. पक्षी आणि माणूस यांच्यातला इतका सरळ व्यवहार मला फार भावतो. तिने खावं, यांनी जागा द्यावी.

आपल्याकडे मामला गुंतागुंतीचा आहे. ज्वारीत दाणा भरला की भोरडी थव्याने शेतावर पडते आणि शेतकरी गोफण घेऊन मचाणावर चढतो. त्याचा राग खरा आहे, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. शहरात बसून त्याला उपदेश करायचा अधिकार आपल्याला नाही. तीच भोरडी इथेही किडे टिपते, वड-पिंपळाची फळं खाऊन त्यांच्या बिया लांब नेऊन टाकते, पळस-सावरीच्या फुलांतला मध पिताना पराग चोचीवर घेऊन जाते. हा हिशेब शेतकऱ्याने करावा, मी करणार नाही.

मला बोलायचंय ते आपल्याबद्दल. आपलं ती एक दाणाही नेत नाही. तरी तिला सर्वांत मोठी इजा होते ती आपल्या गच्चीवरून.

डभोईजवळचा वढवाणा तलाव सयाजीरावांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला, 2021 मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. तिथले हंस, बदकं पाहायला आपण गाड्या काढतो. जरूर काढाव्यात. पण जो पक्षी आपणहून घरावरून जातो, त्याच्यासाठी काय करतो?

भोरडी उजाडताना चरायला निघते आणि सूर्य कलला की परतते. आपल्या पतंगांचा जोरही त्याच वेळी असतो. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीची पातळ घडी असते. मांजा तिथे बसला की हाड शाबूत असूनही पक्षी उडत नाही. नायलॉनच्या मांजावर 2017 मध्ये बंदी आली, पण काच चढवलेली सुती दोरीही ती घडी चिरतेच.

पतंग उडवू नका, असं मी म्हणणार नाही. या शहरात वाढलोय, उंधियू-जिलेबी आणि ‘काप्यो छे’ची हाळी माझ्याही रक्तात आहे. दुपारी मनसोक्त उडवा. फक्त उजाडताना आणि पाचनंतर आभाळ तिला द्या. काच नको, रात्री पतंगाच्या दोरीला बांधून सोडतात ती तुक्कल, म्हणजे कागदी कंदीलही नको.

जखमी पक्षी सापडलाच तर चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. दोरा ओढू नका. पक्ष्यापासून थोडं अंतर सोडून कापा आणि 1962 या पशु-पक्ष्यांच्या मदत क्रमांकावर फोन करा.

किंक्रांत, म्हणजे इथली वासी उत्तरायण, झाली की आपण फिरक्या माळ्यावर टाकतो. दोरा मात्र झाडांत महिनोन्‌महिने लटकत राहतो. तेव्हा 16 तारखेला सकाळी लांब काठी घेऊन आपापल्या गल्लीतली झाडं मोकळी करा, मुलांनाही बरोबर घ्या. एप्रिलपर्यंत भोरडी त्याच झाडांवर मुक्कामाला असते.