कपाटामागची काळी भिंत

राम राम मंडळी! आता तुम्ही म्हणाल, मराठवाड्यात टँकरची वाट बघायची पाळी येते अन् हा बाबा ओल अन् बुरशीवर बोलायलाय. पण दिवाळीच्या साफसफाईत कपाट जरा सरकवून बघा. आमच्याकडं मागं भिंत काळीकुट्ट निघाली, तीनदा पुट्टी मारली, रंग दिला, पुढच्या पावसाळ्यात परत पापुद्रे सुटले, अन् आम्ही उगाच रंगाऱ्याच्या नावानं बोटं मोडली.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपनं गच्च चिटकवा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतून पाणी सुटलं तर ओल भिंतीतली, बाहेरून सुटलं तर खोलीतली वाफ भिंतीवर जमायलीय.

भिंतीतली ओल बऱ्याचदा खालून चढते. आपली काळी माती पाणी धरून बसते अन् वात तेल ओढते तसं वीट ते वर ओढते. ते अडवायला जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे ओल अडवणारा थर लागतो, भिंतीच्या पूर्ण रुंदीचा. मिस्त्री म्हणतो कशाला खर्च, आपणही मान डोलावतो. थर घातला तरी बाहेरचा गिलावा त्याच्यावरून खाली मातीपर्यंत नेला की पाणी गिलाव्यातून वर चढतंच. अन् आता गल्लोगल्ली सिमेंटचे रोड झालेत, रोडवर रोड चढला, जोतं गेलं खाली, मग डीपीसी पण मातीतच की! अशा घराला बाहेरून माती उकरून उतार काढून द्यायचा, आतून रंग मारून काही होत नाही.

आता वाफेचं. थंडीत परभणीकडं पारा कधीकधी दहाच्या खाली जातो, रात्री स्लॅब अन् बीम गार पडतात, घरात सहा माणसं झोपलेली, सकाळी चुलीवर नाहीतर गॅसवर पाणी तापायलंय, ती वाफ गार तांब्यावर जमते तशी बीमवर जमते. म्हणून तर काळा पट्टा नेमका बीमच्या रेषेत असतो, काँक्रीट विटेपेक्षा लवकर गार होतं.

जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरांच्या दोन-दोन फूट भिंतींत हा प्रकार कमी. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात त्याच जड भिंती अन् मातीची धाब्यं अंगावर आली, त्यामुळं माळवद परत बांधा असं मी म्हणणार नाही. मात्र चार इंची भिंत बाहेरच्या बाजूला नको. नवं बांधत असाल तर रॅट ट्रॅप बाँड विचारा, विटा उभ्या लावून मधी पोकळी ठेवतात, लॉरी बेकर नावाच्या आर्किटेक्टनी ही पद्धत केरळात भरपूर वापरली, विटाही जवळपास पाव हिश्श्यानं कमी लागतात. भूकंपाचा भाग आहे, तर इंजिनिअरला विचारूनच करा.

स्लॅबवर उताराचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा करा. थर्माकोल लावायचा झाला तर वरून, आतून चिटकवला तर मागचा स्लॅब अजून गार पडतो अन् बुरशी त्याच्यामागं लपून वाढते. अन् ते कपाट, भिंतीपासून चार बोटं लांबच ठेवा.