बायबलमधली संपत्ती: ‘हायिल’पासून ‘मामोन’पर्यंत

नमस्कार. गिरिप्रवचनावरच्या, म्हणजे येशूने डोंगरावर दिलेल्या उपदेशावरच्या, आपल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत सतत विचारला जात आहे: बायबलमध्ये संपत्तीसाठी मूळ शब्द कोणता? त्यातच ‘अनुवाद’ या बायबलमधल्या पुस्तकातल्या 8:18 (8वा अध्याय, 18वे वचन) या वचनाच्या छोट्या चित्रफिती सध्या फार फिरत आहेत. त्यांत ‘देव तुला संपत्ती मिळवण्याचे सामर्थ्य देतो’ एवढाच तुकडा मोठ्या अक्षरांत झळकतो आणि खाली दान पाठवण्यासाठी क्यूआर कोड असतो. आजचा बराचसा वेळ मी याच वचनाला देणार आहे.

आधी सोपा भाग उरकून घेऊ. असा एकच मूळ शब्द नाही. जुन्या कराराच्या हिब्रूत ‘ओशेर’ म्हणजे श्रीमंती. ‘होन’ म्हणजे धनदौलत. हा शब्द विशेषतः नीतिसूत्रांत भेटतो. ‘मिकने’ म्हणजे पशुधन, आणि तो मिळवणे या अर्थाच्या ‘काना’ या क्रियापदावरून आला आहे. ‘केसेफ’ म्हणजे चांदी. अब्राहामाच्या कथेत ही चांदी नाण्यांत मोजली जात नाही, ती तोलली जाते. मकपेलाच्या गुहेसाठी तो हित्ती एफ्रोनाला 400 शेकेल चांदी तोलून देतो, कारण शेकेल हे तेव्हा वजन होते. उत्पत्ती 13:2 मध्ये अब्राम (अब्राहामाचेच आधीचे नाव) गुरेढोरे, सोने आणि चांदी यांनी ‘कावेद’, म्हणजे अक्षरशः जड, झालेला आहे. वजनदार माणूस कोणाला म्हणतात हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ‘हायिल’. अनुवाद 8:18 मधला शब्द हाच आहे, आणि गल्लत नेमकी इथेच होते. हायिल म्हणजे बळ, सैन्य, पराक्रम, कर्तबगारी आणि संपत्तीसुद्धा. यांपैकी कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्य ठरवते. आपल्या इच्छेने तो ठरत नाही.

रूथचे पुस्तक उघडा. 2:1 मध्ये बवाजाचे वर्णन ‘ईश गिब्बोर हायिल’ असे आहे, आणि तो जमीनजुमला असलेला, मजूर कामाला ठेवणारा माणूस असल्यामुळे आपली भाषांतरे त्याला सहसा धनवान म्हणतात. पुढे 3:11 मध्ये हाच बवाज रूथला ‘एशेत हायिल’ म्हणतो. तेव्हा रूथ परक्या मवाब देशातून आलेली विधवा आहे, सासूचे आणि स्वतःचे पोट भरण्यासाठी दुसऱ्याच्या शेतात कापणीनंतर राहिलेला सरवा वेचते आहे, आणि तिच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता नाही. तरीही शब्द तोच आहे. नीतिसूत्रे 31:10 मधली, मराठीत ‘सद्गुणी’ झालेली स्त्रीही एशेत हायिलच आहे, आणि अनेक ज्यू घरांत शुक्रवारी रात्री शब्बाथच्या जेवणापूर्वी तिचे हे स्तवन गातात. हायिल म्हणजे पैसा असे एकदा ठरवून टाकले, तर रूथचे काय करायचे?

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहू. अनुवाद 8:18 मध्ये ‘हायिल करणे’ असा वाक्प्रयोग आहे. गणना 24:18 मध्ये इस्राएल हायिल करतो, म्हणजे पराक्रम गाजवतो. 60व्या स्तोत्राच्या शेवटी देवाच्या साहाय्याने हायिल करू असे म्हटले आहे, आणि तिथे समोर शत्रू उभा आहे. रूथ 4:11 मध्ये गावकरी बवाजाला एफ्राथात हायिल कर असा आशीर्वाद देतात. एकाच वाक्प्रयोगात कुठे रणांगण आहे, तर कुठे नांदते घर.

आणि तिसरी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अनुवादाच्या 8व्या अध्यायात हायिलचा अर्थ संपत्ती असाच होतो, हे मी नाकारत नाही, कारण 13व्या वचनात गुरे, मेंढरे, चांदी आणि सोने वाढल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु 17वे वचन वगळून 18वे वाचता येत नाही. चाळीस वर्षे रानात मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, खाऊन जगलेल्या, यार्देन नदी ओलांडण्याच्या बेतात असलेल्या इस्राएल लोकांना मोशे बजावतो की, पोटभर खाल आणि चांगली घरे बांधून राहाल तेव्हा ‘माझ्याच बळाने, माझ्याच हाताच्या जोराने मी हे हायिल मिळवले’ असे मनात म्हणू नका. 18वे वचन हे त्या गर्वाला दिलेले उत्तर आहे. ते वर्गणीच्या मोबदल्यात दिलेले आश्वासन नाही, आणि त्याचा शेवट पूर्वजांशी केलेल्या कराराच्या उल्लेखाने होतो, जो चित्रफितीत नेमका कापलेला असतो. इसवी सनापूर्वीच्या ग्रीक भाषांतरकारांनी 17व्या वचनातल्या हायिलला ‘दुनामिस’, म्हणजे बळ, हा शब्द वापरला. संपत्तीच्या संदर्भातही त्यांना त्या शब्दातले बळ ऐकू येत होते.

मी हे इतक्या पोटतिडकीने का सांगते आहे, तर एका प्रार्थनासभेत वक्त्याने हे वचन असेच अर्धे वाचले आणि ज्यांच्या घरी पैसा नाही त्यांच्या विश्वासात खोट आहे असे सुचवले. माझ्या शेजारी बसलेल्या, पाऊस न झाल्याने पीक गमावलेल्या एका आजींनी नंतर मला विचारले, “बाई, माझंच काही चुकलं असेल का?” अर्धवट वाचलेल्या वचनाची किंमत अशी माणसे मोजतात, आणि याचा मला खरोखर राग येतो.

एका प्रेक्षकाने लिहिले आहे की हातात मराठी बायबल असताना हिब्रू आणि ग्रीक यांच्या मागे का लागायचे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यासाठी कित्येक वर्षे वेचली आणि 1922 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या कामाचा ध्यास सोडला नाही. मुळाकडे जाणे ही आपल्या भाषेतलीच परंपरा आहे.

नव्या कराराच्या ग्रीकमध्ये ‘प्लूतोस’ म्हणजे श्रीमंती आणि ‘क्तेमाता’ म्हणजे मिळकत, यांत फारसे अवघड नाही. लूक 15:12 मात्र सावकाश वाचा. उधळ्या पुत्राच्या या दृष्टांतात धाकटा मुलगा ‘ऊसिया’चा, म्हणजे मालमत्तेचा, वाटा मागतो, बाप मुलांना ‘बिओस’ वाटून देतो, आणि बिओस म्हणजे जीवन, तसेच ज्यावर जगायचे ते साधनही. मुलगा वाटा मागतो आणि बाप आपली उपजीविका वाटतो, हा फरक लूकच्या ग्रीकमध्ये स्पष्ट दिसतो.

शेवटी ‘मामोन’. हे एका राक्षसाचे किंवा प्राचीन सीरियन देवाचे नाव आहे असे अनेकांनी कळवले आहे. अशा देवाची पूजा होत असल्याचा प्राचीन पुरावा नाही. मामोनला सैतानाचे रूप पुढे मध्ययुगात मिळाले. हा अरामी शब्द असून त्याचा अर्थ धन, मालमत्ता असा साधा आहे. नव्या करारात तो चारदा येतो, त्यांपैकी तीनदा लूकच्या 16व्या अध्यायात, आणि तिथे 9व्या वचनात येशू शिष्यांना याच मामोनच्या साहाय्याने मित्र जोडायला सांगतो. मामोन राक्षस असता, तर हा उपदेश कसा समजायचा?

गिरिप्रवचनातल्या मत्तय 6:24 मध्ये, ‘तुम्ही देवाची आणि मामोनची चाकरी करू शकत नाही’ या वचनात, मामोन धन्यासारखा उभा राहतो हे खरे, पण तो धनी होतो तो आपण त्याची चाकरी पत्करल्यामुळे. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, बराखोत 9:5 येथे, देवावर ‘पूर्ण शक्तीने’ प्रीती करण्याच्या आज्ञेचा अर्थ ‘आपल्या सगळ्या मामोननिशी’ असा दिला आहे. ती आज्ञा अनुवाद 6:5 मध्ये आहे. मत्तयाचे वचन वाचताना हे पानही शेजारी उघडून ठेवा, आणि दोन्ही वचने एकत्र वाचल्यावर जे प्रश्न पडतील ते मला खाली लिहून पाठवा.