सैन्यातून सुटलेला संत

श्रोतेहो, नमस्कार.

इजिप्तच्या वाळवंटातले साधू म्हटले की संत अँथनीचं नाव पुढे येतं, एकांतात सैतानाशी झुंजणारा. आज बोलायचंय ते त्याच्याच काळातल्या पाखोमियसबद्दल. एकट्यानं तप करणं याला जमत होतं, तरी यानं शेकडो माणसांचा व्याप अंगावर घेतला. मला विचाराल तर हेच जास्त अवघड!

नाईलकाठी, वरच्या म्हणजे दक्षिण इजिप्तमध्ये, इसवी सन २९२च्या सुमारास त्याचा जन्म. घरात जुन्या देवांची पूजा. विशीत रोमन फौजेनं त्याला सक्तीनं भरती केलं आणि ही पोरं पळून जाऊ नयेत म्हणून थेब्ज, म्हणजे आजचं लक्सर, तिथं कोंडून ठेवलं. संध्याकाळी गावातले काही लोक त्यांच्यासाठी जेवण घेऊन आले. ना ओळख, ना पाळख. कोण हे? तर ख्रिस्ती. सुटका होताच पाखोमियसनं बाप्तिस्मा घेतला, पालामोन नावाच्या म्हाताऱ्या साधूकडे काही वर्षं कडक साधना केली आणि मग ताबेन्निसी या ओसाड गावात मठ उभारला.

सुरुवातीला डाव फसलाच. आलेल्यांना हा रांधून वाढायचा, त्यांची उष्टी-खरकटी काढायचा. ते त्याला चक्क गडी समजू लागले, टिंगल करू लागले. बरीच वर्षं सोसल्यावर त्यानं सगळ्यांना बाहेरचा रस्ता दाखवला.

मग नियम आले. साधूंची घरं वेगवेगळी, प्रत्येक घराला एक प्रमुख. चटया विणायच्या, दोर वळायचे, शेती करायची. निरक्षर माणूस मठात आला तर त्याला वाचायला शिकावंच लागे, मनात असो वा नसो. चौथ्या शतकात, शेतकऱ्याच्या पोरांसाठी! बहीण मारिया भेटायला आली, तर तिच्यासाठी स्त्रियांचा मठ निघाला. ३४६ साली साथीच्या रोगात तो गेला, तेव्हा त्याच्या देखरेखीखाली नऊ मठ होते. पुढे ४०४ मध्ये बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोमनं ही नियमावलीही लॅटिनमध्ये नेली आणि ती युरोपभर पोचली.

त्याच्या चरित्रातला एक प्रसंग. पाखोमियस चटई विणत बसला होता. सेवेला आलेला एक मुलगा थांबला नि म्हणाला, "बाबा, असं नाही. थिओडोरबाबा वेगळं विणतात." इतक्या मठांचा हा प्रमुख उठून उभा राहिला. म्हणाला, "ये, दाखव मला." मुलानं दाखवलं, आणि तो पुन्हा बसून तसं विणू लागला.