मैदानातून न्यायासनावर

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा डिफेन्सिव्ह टॅकल म्हणजे जागचा न हलणारा पहाड, असा आपला समज असतो. ॲलन पेज यांनी तो पार मोडीत काढला.

जन्म १९४५चा, ओहायोतल्या कँटनचा. १९६७मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघानं त्यांना घेतलं. चेंडू हलला रे हलला की पेज निघालेच! समोरच्या रक्षकाचे हात वर येईपर्यंत हे त्याच्या खांद्याला बगल देऊन क्वार्टरबॅकपाशी, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूपाशी, पोहोचलेले. चढाईपटू परत फिरायच्या आत घोटा धरणारा कबड्डीतला कोपरारक्षक आठवा. १९७१मध्ये ते एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, सर्वोत्तम खेळाडू ठरले. हा मान मिळवणारे पहिले बचावपटू. नंतर बचावपटूंत तो मिळाला लॉरेन्स टेलरला, तोही थेट १९८६मध्ये. चेंडू घेऊन पळणाऱ्यांचं कौतुक जरा जास्तच होतं, हेच खरं! व्हायकिंग्जनं चार वेळा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, गाठला आणि चारही वेळा हार पत्करली. पेज चारही सामन्यांत होते.

पत्नीची सिगारेट सुटावी म्हणून तिच्यासोबत ते धावू लागले आणि स्वतःच त्या नादी लागले. वजन उतरलं. संघाच्या प्रशिक्षकांना ते मानवलं नाही आणि १९७८च्या हंगामातच व्हायकिंग्जनं त्यांना मोकळं केलं. शिकागो बेअर्सनं अवघे १०० डॉलर भरून उचललं. अशा सौद्याला काय म्हणावं! पुढे १९८१पर्यंत ते तिथे खेळले. १९७९मध्ये तर त्यांनी मॅरेथॉन पुरी केली. खेळत असताना असं करणारे ते एनएफएलमधले पहिलेच.

खेळता खेळताच १९७८मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली होती. १९९२मध्ये मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून जायचं ठरवलं, तर विद्यमान न्यायाधीशांची मुदत वाढवून निवडणूकच टाळली गेली. पेज कोर्टात गेले, खटला जिंकले, मग निवडणूकही. त्या न्यायालयाचे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. वयाच्या सत्तरीत, २०१५मध्ये, नियमानुसार निवृत्त झाले.

१९८८मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, त्यांचा समावेश झाला. या सोहळ्यात खेळाडूची ओळख करून द्यायला बहुधा जुने प्रशिक्षक असतात. पेज यांनी मिनियापोलिसच्या एका मुख्याध्यापिकाबाईंना बोलावलं आणि स्वतःच्या भाषणात फुटबॉलपेक्षा शिक्षणावरच अधिक बोलले. त्याच वर्षी त्यांनी शिष्यवृत्ती देणारी संस्था काढली. अट एकच: शिष्यवृत्ती घेणाऱ्यानं लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा.